बाप्तिस्मा एकदाच, नोंद आयुष्यभर: कॅथलिकांचे सात संस्कार

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वरसाव्याचा पूल ओलांडला की कॅथलिक धर्मप्रांत बदलतो. खाडीच्या अलीकडे मुंबईचा महाधर्मप्रांत, पलीकडे १९९८ साली त्यातून वेगळा झालेला वसई धर्मप्रांत. संस्कार मात्र दोन्हीकडे तेच सात: बाप्तिस्मा, दृढीकरण, कम्युनियन, पापनिवेदन, रुग्णांचा तैलाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह.

संस्कार म्हणजे देवाच्या अदृश्य कृपेची डोळ्यांना दिसणारी खूण, अशी चर्चची शिकवण आहे. सात या संख्येवर ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये शिक्कामोर्तब केले.

पापनिवेदन आणि कम्युनियन पुन्हा पुन्हा घेता येतात. बाप्तिस्मा, दृढीकरण आणि गुरुदीक्षा मात्र आयुष्यात एकदाच. त्यांचा ठसा आत्म्यावर कायमचा उमटतो, असे मानले जाते.

म्हणूनच बाप्तिस्म्याच्या नोंदवहीला महत्त्व आहे. वसईत बाप्तिस्मा झालेली मुलगी भाईंदरच्या चर्चमध्ये लग्न करणार असेल, तर दाखला वसईच्या त्याच चर्चमधून आणावा लागतो. लग्नानंतर तिकडे कळवले जाते आणि तिच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी विवाहही लिहिला जातो. आधीचे लग्न लपवून दुसरे करणे त्यामुळे अवघड होते.

पण संस्कार घडतो तो नोंदीमुळे नव्हे. बाळ मरणाच्या दारात असेल आणि फादर जवळ नसतील, तर ख्रिस्ती नसलेली नर्ससुद्धा बाप्तिस्मा देऊ शकते. पाणी, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याचे नाव आणि चर्चला अभिप्रेत तेच करण्याचा हेतू, एवढे पुरते. वहीतली नोंद नंतर होते.