दांड्याच्या पेल्याचे विज्ञान

वाइनच्या उंच पेल्याचे तीन भाग असतात. वाइन धरणारी वाटी, बोटांत धरायचा दांडा आणि पेला उभा ठेवणारी बैठक. काचेत येण्याआधी ही रचना धातूत रूढ होती. ख्रिस्ती उपासनेतला चषक तसाच घडवलेला असतो.

रायगडच्या किनाऱ्याला द्राक्षाच्या वाइनची ओळख जुनी आहे. घारापुरीला रोमन मद्यकुंभांची खापरे सापडली आहेत. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, त्या रेवदंड्याला पोर्तुगिजांनी १५२१ साली किल्ल्याचे काम सुरू केले आणि १७४० पर्यंत तिथे त्यांचा अंमल होता. तिथल्या चर्चमध्ये उपासनेसाठी द्राक्षाची वाइन लागत असे.

पारदर्शक पेल्याचे श्रेय व्हेनिसजवळच्या मुरानो बेटाला जाते. पंधराव्या शतकाच्या मध्यास तिथल्या कारागिरांनी वनस्पतींची राख शुद्ध करून, किंचित मँगनीज मिसळून जवळजवळ रंगहीन काच बनवली. ती पातळ फुगवता येई, पण लवकर घट्ट होई. १६७४ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने नव्या स्फटिकासारख्या काचेचे पेटंट घेतले आणि पुढे तिच्यात शिशाचे ऑक्साइड मिसळले. शिशामुळे काच अधिक वेळ मऊ राहते, प्रकाश जास्त वाकवते आणि कोरीवकामाला सोपी जाते. या काचेतून गाठीदार, जाड दांडे घडू लागले.

१७४६ पासून ब्रिटनमध्ये काचेच्या कच्च्या मालावर वजनानुसार कर लागू झाला. त्यानंतर पेले हलके होत गेले. याच काळात हवेच्या पिळाचे दांडे लोकप्रिय होते. वितळलेल्या काचेत हवेचे बुडबुडे अडकवून ती ओढत पिळली, की दांड्याच्या आत चंदेरी धागे उमटत.

दांड्याचा उपयोग केवळ शोभेचा नाही. तळव्याची ऊब वाटीला लागली, की वाइन तापते आणि अल्कोहोलची वाफ वाढून फळांचा सुगंध झाकला जातो. रेड वाइन साधारण १५ ते १८ अंश सेल्सिअसला चांगली लागते. पेण-रोह्यात उन्हाळ्यात पारा ३० अंशांच्या पुढे जातो. तिथे दांडा हाताची उष्णता अडवतो, हवेची मात्र अडवू शकत नाही. म्हणून बाटली आधी थोडी थंड करावी लागते.

वाटीचा रुंद पोटाचा भाग वाइनचा पृष्ठभाग वाढवतो. त्यामुळे सुगंधी रेणू लवकर सुटतात आणि आत वळलेली कड त्यांना नाकापर्यंत धरून ठेवते. १९५८ साली ऑस्ट्रियाच्या क्लाउस रीडेल यांनी बरगंडी वाइनसाठी मोठ्या वाटीचा पेला घडवला. वाइनच्या गुणांनुसार पेल्याचा आकार ठरवण्याची रीत त्यानंतर रुजली. शिसे पेयात झिरपू शकते म्हणून आज अनेक कारखाने त्याऐवजी बेरियम किंवा जस्ताची ऑक्साइडे वापरतात.