मेगाबिटांचा हिशेब

नागपूरहून अमरावती मार्गाने पश्चिमेकडे निघाले की वाडी लागते. रस्त्याच्या कडेने गोदामे, वाहतूकदारांची कार्यालये आणि मालाची वाट पाहत उभे असलेले ट्रक. येथे काम करणारा कोणीही क्विंटल आणि टन यांत घोटाळा करणार नाही. दहा क्विंटलांचा एक टन होतो. एवढी चूक झाली तर ट्रक जागीच बसायचा!

आता अशी कल्पना करा, की वाडीतल्या नववीच्या एका विद्यार्थिनीने विज्ञान स्पर्धेसाठी चित्रफीत तयार केली आहे. फाइलचा आकार १२०० एमबी. घरच्या इंटरनेटचा माहिती पाठविण्याचा वेग २० एमबीपीएस. पाठविण्याची मुदत सायंकाळी ५ वाजेपर्यंत. तिने हिशेब केला : १२०० भागिले २० म्हणजे ६० सेकंद. एका मिनिटाचे काम! म्हणून तिने निवांतपणे ४ वाजून ५५ मिनिटांनी कळ दाबली. पाच वाजले तेव्हा ७५० एमबी गेले होते आणि ४५० एमबी शिल्लक होते. मुदत संपली.

दोष कोणाचा? तारेत बिघाड नव्हता. भागाकारही बरोबर होता. चुकले ते एकक.

लहान बी, मोठा बी

संगणकातील माहितीचा सर्वांत लहान कण म्हणजे बिट. त्याची किंमत ० किंवा १. असे आठ बिट मिळून एक बाइट होतो. फाइलचा आकार बाइटमध्ये सांगतात, तर तारेतून वाहणाऱ्या माहितीचा वेग दर सेकंदाला किती बिट, असा सांगतात. रोमन लिपीत बाइटसाठी मोठा बी आणि बिटसाठी लहान बी लिहितात. बोलताना मात्र दोन्ही 'एमबी'च!

आता हिशेब पुन्हा करू. १२०० मेगाबाइट गुणिले ८ म्हणजे ९६०० मेगाबिट. त्याला २० ने भागले की ४८० सेकंद, म्हणजे आठ मिनिटे येतात. प्रत्यक्षात आणखी थोडा वेळ लागतो, कारण माहिती लहान लहान पुडक्यांतून जाते आणि प्रत्येक पुडक्यावर पत्ता व इतर नोंदी लिहाव्या लागतात. म्हणून तोंडी अंदाजासाठी ८ ऐवजी १० ने भागावे. २० मेगाबिटांची जोडणी असेल, तर दर सेकंदाला सुमारे २ मेगाबाइट धरा. फसगत होणार नाही.

चौसष्ट हजार कोठून आले?

दूरसंचार खात्यातील अभियंत्यांची मापे आणखी निराळी. त्यांचे मूळ माप म्हणजे दूरध्वनीवरील एक संभाषण. बोलणे नीट समजण्यास ३,४०० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी पुरतात. ध्वनीचे अंकांत रूपांतर करायचे, तर त्यातील सर्वाधिक कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेळा त्याचे मोजमाप घ्यावे लागते. म्हणून दर सेकंदाला ८,००० मोजमापे ठरविली. प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहिले. ८,००० गुणिले ८ म्हणजे ६४,००० बिट. हा एका संभाषणाचा वेग.

असे ३२ प्रवाह एकत्र बांधले की २०,४८,००० बिट, म्हणजे २.०४८ मेगाबिट होतात. या जुडीला 'ई-वन' म्हणतात. भारतात व युरोपात हीच पद्धत आहे. तिच्यातील ३० प्रवाह संभाषणांसाठी, एक ताळमेळ राखण्यासाठी आणि एक घंटी, क्रमांक इत्यादी सूचनांसाठी असतो. अमेरिकेतील 'टी-वन' या जुडीत २४ प्रवाह असून तिचा वेग १.५४४ मेगाबिट आहे. प्रकाशतंतूंवरील 'एसटीएम-वन' ही त्याहून मोठी जुडी १५५.५२ मेगाबिटांची. तिच्यात ६३ ई-वन, म्हणजेच १,८९० संभाषणे मावतात!

येथे एक सापळा आहे. २,०४८ हा आकडा पाहून काही जणांना संगणकातील १,०२४ ची दुप्पट आठवते. पण हा आकडा ३२ गुणिले ६४ यातून आला आहे. दूरसंचारात किलो म्हणजे नेमके १,०००.

ब्रॉडबँड म्हणजे किती?

भारताच्या २००४ च्या धोरणात किमान २५६ किलोबिट वेगाच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हटले होते. म्हणजे चार संभाषणांएवढा वेग! २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ किलोबिट, म्हणजे आठ संभाषणांएवढी झाली. २०२३ मध्ये ती २ मेगाबिट करण्यात आली. ही जवळजवळ एक ई-वन. आपल्या विद्यार्थिनीच्या २० मेगाबिटांच्या जोडणीत अशी ३१२ संभाषणे मावतील.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटसेवा सुरू केली. त्या काळी ९,६०० बिटांचे मोडेम वापरात होते. त्यावरून ही चित्रफीत पाठविली असती, तर बरोबर दहा लाख सेकंद, म्हणजे साडेअकरा दिवस लागले असते.

जुन्या पुस्तकांत 'बॉड' हे एकक आढळते. फ्रेंच अभियंता एमिल बोदो याच्या नावावरून ते आले. तारेतील संकेत दर सेकंदाला किती वेळा बदलतो, ते बॉड सांगतो. एका बदलात चार बिट बसविले, तर २,४०० बॉडवर ९,६०० बिट जातात. म्हणून बॉड आणि बिट एकच समजू नये.

शेवटी एक कोडे

एक टेराबाइटची तबकडी खिशात घालून कोणी स्कूटरवरून वाडीहून अर्ध्या तासात सीताबर्डीला पोचले, तर त्या स्कूटरचा माहिती-वेग किती? एक टेराबाइट म्हणजे ८० लाख मेगाबिट. त्याला १,८०० सेकंदांनी भागा. उत्तर येते सुमारे ४,४४४ मेगाबिट! त्या मुलीच्या जोडणीवरून हीच माहिती पाठविण्यास साडेचार दिवसांहून अधिक काळ लागेल. मात्र स्कूटरवरचा पहिला बिट अर्ध्या तासाने पोचतो आणि तारेवरचा निमिषार्धात. वेग आणि विलंब या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

तुमच्या घरच्या जोडणीचे किती ई-वन होतात, ते आज मोजून पाहा. आणि पुढच्या वेळी कळ दाबण्यापूर्वी आठाने गुणायला विसरू नका.