आवाज हरवला नव्हता!

सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या परवा घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केल्या. ऐकायला गेले, तर हेडफोनमध्ये चिडीचूप! पोटात गोळाच आला. ऐंशी पार केलेल्या सासूबाईंना पुन्हा गायला कसं सांगणार? पण स्क्रीनवर आवाजाच्या लाटा दिसत होत्या. म्हणजे रेकॉर्डिंग शाबूत होतं, आवाजाची वाट तेवढी चुकली होती.

झालं होतं असं, की हेडफोन होता ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीला आणि आवाज चालला होता मॉनिटरच्या स्पीकरकडे. सेटिंगमध्ये जाऊन 'आउटपुट'ला इंटरफेस निवडला आणि ओव्या घुमल्या. पण मधेच तडतड! मग डबीची यूएसबी वायर हबमधून काढून थेट कॉम्प्युटरला लावली. बफर, म्हणजे आवाज पुढे सोडण्याआधीचा साठा, १२८ वरून ५१२ केला. तडतड थांबली.

तेव्हा मैत्रिणींनो, ऐकू आलं नाही म्हणून घाबरून फाइल पुसू नका. आधी लाटा बघा, मग वाट तपासा. एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. आणि हो, घरातल्या थकलेल्या आवाजांचं रेकॉर्डिंग उद्यावर टाकू नका!