तोंडावरचा वारा

संध्याकाळी डब्लिनहून नासकडे निघालेल्या सायकलस्वाराला वारा बहुतेक वेळा तोंडावरच लागतो. आयर्लंडमध्ये वर्षातला बराच काळ वारा नैऋत्येकडून येतो, आणि किल्डेर काउंटीचं हे मुख्य गाव डब्लिनच्या नैऋत्येलाच, तीसेक किलोमीटरवर आहे. सकाळी पाठीला हात लावून ढकलणारा तोच वारा परतीच्या वाटेवर ई-बाइकच्या बॅटरीचा फडशा पाडतो.

हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. हवा पडलेली असताना ताठ बसून ताशी 25 किलोमीटरने जायचं, तर नुसती हवा कापायला सुमारे 120 वॅट लागतात. समोरून ताशी 20 किलोमीटरचा वारा सुटला की त्याच कामाला 390 वॅट! टायरच्या घर्षणाचे चाळीसेक वॅट वेगळे. आयर्लंडमध्ये सायकल म्हणून चालणाऱ्या ई-बाइकची मोटर 250 वॅटची, आणि तीही ताशी 25 किलोमीटरपर्यंतच साथ देणारी. बाकीचं पायांनी भरून काढायचं. आता हँडल खाली घेतलं, कोपरं वाकवली, खांदे झुकवले आणि हवेला होणारी अंगाची आडकाठी एक तृतीयांशाने कमी केली, तर 390चे 260 होतात. त्यासाठी एक पानाही विकत आणावा लागत नाही. फडफडणाऱ्या रेनकोटची चेन गळ्यापर्यंत ओढून घेणं हीसुद्धा याच खात्यातली बचत.

अंगाच्या आडकाठीची ही गोष्ट किती जुनी आहे ते याच काउंटीच्या इतिहासात दिसतं. 2 जुलै 1903 रोजी नासपासून बारा-एक किलोमीटरवरच्या किलकलनमधून जाणाऱ्या रस्त्यांवर गॉर्डन बेनेट चषकाची मोटार शर्यत झाली. ती मर्सिडीजमधून जिंकली बेल्जियमच्या कामिय जेनात्झीने. लालसर दाढीमुळे लोक त्याला ‘लाल सैतान’ म्हणत. त्याआधी चार वर्षं, 1899 मध्ये, याच माणसाने पॅरिसजवळ विजेवरच्या गाडीत ताशी 105.88 किलोमीटरचा वेग गाठला होता. रस्त्यावरच्या गाडीने शंभरी ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. गाडीचं नाव ‘ला जामे कोंतांत’, म्हणजे कधीच समाधान न होणारी. तिचं हलक्या मिश्रधातूचं धड टॉर्पेडोसारखं निमुळतं होतं. पण फोटो नीट पाहावा: त्या सुबक धडावर जेनात्झी कमरेपासून वर गाडीबाहेर, ताठ बसलेला, आणि खाली चाकं, सांगाडा सगळं वाऱ्यात. गाडीला कवच होतं, चालवणाऱ्याला नव्हतं. आजच्या बहुतेक ई-बाइकांवर नेमकी हीच चूक दिसते. सांगाडा घोटून गुळगुळीत, बॅटरी आत लपवलेली, आणि वर छाती काढून बसलेला माणूस.

बसण्याच्या पद्धतीचा जोर सिद्ध केला तो फ्रान्सच्या शार्ल मोशेने. त्याच्या आडवं रेलून चालवायच्या सायकलवर 1933 मध्ये फ्रान्सिस फोरने तासाभरात 45.055 किलोमीटर कापले आणि 1914 पासूनचा विक्रम मोडला. फोर पहिल्या फळीतला स्वार नव्हता, सायकलवर कसलं आवरणही नव्हतं. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने अशा सायकली विक्रमांतून बाद केल्या. त्या निर्णयाने सायकलची घडण कित्येक दशकं मागे राहिली, हे स्पष्टच म्हणायला हवं.

फेअरिंगचा, म्हणजे आवरणाचा, नंबर त्यानंतर. नवखा माणूस पुढे काच लावतो. पण हवा जास्त ओढते ती मागून: पाठीमागे भोवरे उठतात, तिथला दाब कमी होतो आणि सायकल मागे खेचली जाते. म्हणून पाठीला लागून बसवलेली, मागे निमुळती होत जाणारी पेटी मोलाची. तिच्यात डबाही राहतो. घरी करायचं तर पन्हळी प्लास्टिकचा पत्रा उत्तम. आयर्लंडमध्ये निवडणुकीचे फलक खांबांवर टांगतात, तोच हा. हलका असतो, कटरने कापता येतो, वायरने बांधता येतो.

मात्र बाजूंनी अंग पूर्ण झाकायचा मोह टाळावा. रस्त्याकडेच्या झुडपांची रांग जिथे संपते तिथे आडवा झोत बसतो आणि रुंद बाजू शिडासारखी भरते. शेजारून ट्रक जात असेल तर ते जिवावर बेतू शकतं.

दुसरी बॅटरी घेण्याआधी एकदा कुणाला तरी समोर उभं करून आपला सायकलवरचा फोटो काढून घ्या. त्यात सायकलने किती जागा व्यापली आहे आणि आपण किती, ते पाहा. मग हँडल किती खाली आणायचं ते ठरवा.