तासाभराचा ख्याल आणि तीस सेकंदांचा हिशेब

स्ट्रीमिंगमुळे श्रोत्यांचा धीर संपला आणि रागसंगीत आखूड झाले, हा पहिला गैरसमज. खरे तर रागाच्या विस्तारावर सर्वांत मोठी कात्री चालवली ती ग्रामोफोनने. १९०२ साली ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गायिका गौहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा तिला सारा राग जेमतेम तीन मिनिटांत बसवावा लागला. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीत याहून फारसे मावतच नसे. लहानग्या भीमसेन जोशींना गाण्याचे वेड लावणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीची तबकडी त्याच मापाची. पुढे एलपीने एका बाजूला वीस-बावीस मिनिटे दिली आणि कॅसेटने त्याहून थोडी जास्त. ऑनलाइन ध्वनिमुद्रणाला ही अडचण उरली नाही. लेस्टरमध्ये २००६ला सुरू झालेल्या दरबार महोत्सवाच्या यूट्यूब चॅनेलवर आलापापासून द्रुतापर्यंतची अख्खी सादरीकरणे ऐकायला मिळतात. रीलचा सुळसुळाट आहे, हे मान्य. पण रील पाहणारा आणि विलंबित ख्याल ऐकायला बसणारा यांना एकाच मापाने मोजण्याचे कारण नाही. शिवाय बैठकीपासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या, शिकणाऱ्या मुलामुलींना एकच राग चार घराण्यांच्या गळ्यांतून एका संध्याकाळी ऐकता येणे, ही सोय पूर्वी फार थोड्यांच्या नशिबी होती.

लांबी हा प्रश्न नाही, तर मग अडचण कुठे आहे? ती हिशेबात आहे, आणि इथेच दुसरा, अधिक महागात पडणारा गैरसमज येतो: जितके ऐकले जाईल तितके कलाकाराला मिळेल. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकले की एक स्ट्रीम मोजला जातो. तीन मिनिटांचे चित्रपटगीत एक स्ट्रीम आणि पन्नास मिनिटांचा दरबारी कानडाही एकच स्ट्रीम. तेवढ्या वेळात दुसरा श्रोता पंधरा-सोळा गाणी ऐकून संपवतो. शिवाय तुमच्या वर्गणीचे पैसे तुम्ही ऐकलेल्या गायिकेला थेट जात नाहीत. सगळी रक्कम एकत्र होते आणि एकूण स्ट्रीमच्या प्रमाणात वाटली जाते. महिनाभर फक्त किशोरीताई आमोणकर ऐकणाऱ्याच्या वर्गणीतलाही मोठा वाटा लोकप्रिय गाण्यांकडे वळतो. त्यात २०२४पासून मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम न झालेल्या ध्वनिमुद्रणाला या वाटपात काहीच मिळत नाही. फारसे न गायले जाणारे राग याच रेषेखाली राहण्याची शक्यता अधिक.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. एक असा की, ख्यालाचे तुकडे करावेत: आलाप वेगळा, विलंबित वेगळे, द्रुत वेगळे. पाश्चात्त्य सिम्फनीचे स्वतंत्र भाग असतातच, त्यामुळे तिथे हे निभते. ख्यालात मात्र विलंबिताच्या बढतीतूनच द्रुताची वाट तयार होते. मध्ये सांधा पाडला की राग उभा राहण्याची क्रियाच तुटते. पैशांसाठी गाण्याचा घाट बदलायला लावणे मला मान्य नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शास्त्रीय गायकाची कमाई नेहमी मैफलींतूनच झाली, तबकडी म्हणजे निव्वळ ओळखपत्र, मग स्ट्रीमिंगकडूनच वेगळी अपेक्षा का? पण तबकडी वा कॅसेट विकत घेणारा एका विशिष्ट कलाकाराच्या ध्वनिमुद्रणासाठीच पैसे मोजत असे, आणि तासभर गाण्याची किंमत तीन मिनिटांच्या गाण्याइतकी नसे. हा दुवा स्ट्रीमिंगने तोडला. तो पुन्हा जोडता येतो, हे साउंडक्लाउडने २०२१मध्ये दाखवले: श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्या कलाकारांतच वाटण्याची पद्धत त्यांनी काही कलाकारांसाठी सुरू केली. ऐकलेला वेळही हिशेबात धरला, तर ख्यालाला न्याय मिळेल.

तिसरा गैरसमज: आता सगळे ऑनलाइन आहे आणि कायमचे जपले गेले आहे. थोर गायक अल्लादियाखाँसाहेबांची एकही व्यावसायिक तबकडी निघाली नाही. जे मुद्रितच झाले नाही, ते कोणतेही ॲप देणार नाही. जे आहे, त्यातलेही बरेचसे खासगी संग्राहकांनी हौसेने चढवलेले. एखादे चॅनेल बंद झाले की ते दिसेनासे होते. त्याहून मोठी अडचण नोंदींची. ही व्यवस्था गाणे, गायक, अल्बम अशा तीन रकान्यांवर उभी आहे. राग, ताल, बंदिशकार, तबला, सारंगी, तानपुरा यांना स्वतंत्र जागा क्वचितच असते. पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी ॲपलने २०२३मध्ये वेगळे ॲप काढले. त्यात संगीतकार, कृती, वाद्यवृंद असा शोध घेता येतो. आपल्या संगीताला तसे काही हवेच, आणि केवळ शोधाच्या सोयीसाठी नव्हे. प्रयोगकर्त्याच्या सादरीकरणाचा व्यावसायिक वापर झाल्यास त्याला रॉयल्टीचा हक्क आपल्या कॉपीराइट कायद्याने २०१२च्या दुरुस्तीत दिला आहे. साथीदारही प्रयोगकर्ताच, पण ध्वनिमुद्रणावर त्याचे नावच नसेल, तर ती रक्कम कोणाच्या खात्यावर जमा करायची?