दोन स्पॉट, एक कीटोन

सकाळी 8. पाषाण रस्त्यावर अजून गर्दी नाही. रात्रभर ओव्हनमध्ये तापलेली आरबी (गोल बुडाचा फ्लास्क) बाहेर काढायची, गरम असतानाच सेप्टम लावून आर्गॉन सोडायचा. मग अल्कोहोलचं अल्डिहाइड. हे काल करून ठेवता आलं नसतं. लगेच नासतं ते.

11. ग्लोव्ह बॉक्समध्ये क्रोमस क्लोराइड तोलते. हवा लागली की ते कामातून गेलं. त्यात निकेल क्लोराइड, अगदी नावापुरतं. या निकेलची हकिगत मी प्रत्येक नव्या मुलाला ऐकवते. अल्डिहाइडला विनाइल आयोडाइड जोडणारी ही आजची अभिक्रिया क्रोमियमच्या एका बाटलीतून घेतली की चालायची, दुसरीतून घेतली की अडून बसायची. चालणाऱ्या बाटलीत निकेलची भेसळ निघाली! नोझाकी आणि किशी यांच्या गटांनी 1986 साली हे स्वतंत्रपणे मांडलं. हीच अभिक्रिया हाताशी धरून किशींनी 1992 मध्ये हार्वर्डला समुद्री स्पंजात सापडणारं हॅलिकॉन्ड्रिन-बी संपूर्ण घडवलं.

12:30. विनाइल आयोडाइड आणि अल्डिहाइड एकत्र. आता ढवळत राहील. डबा खाऊन घ्यावा.

2. अभिक्रिया कुठवर आली हे पाहायला पहिली टीएलसी. अल्डिहाइड बरंच शिल्लक. शेजारच्या बाकावरची ज्युनियर विचारते, "ताई, एवढा खटाटोप करण्यापेक्षा स्पंज आणून काढता येणार नाही?" जपानी संशोधकांनी तेच केलं होतं: 600 किलो स्पंज, हाती 12.5 मिलिग्रॅम हॅलिकॉन्ड्रिन-बी. ट्यूमरच्या पेशींवर ते जबरदस्त चालायचं, पण औषधाच्या चाचण्या असल्या चिमटीवर होत नाहीत. रेणू प्रयोगशाळेत बांधता आला, तेव्हाच त्याचे तुकडे सुटे करून तपासता आले आणि कळलं की गुण उजव्या अर्ध्यात आहे. डावा अर्धा टाकून एरिब्युलिन हे औषध झालं. 2010 साली अमेरिकेत स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. 'अर्धा' ऐकून हुरळून जाऊ नये. त्यातही 19 कायरल केंद्रं उरतात, म्हणजे बाजू अचूक बसवावी लागते असे कार्बन. आम्ही त्याच घराण्यातला एक तुकडा जोडतोय.

5. वर्कअप. क्रोमियमचा हिरवा चिखल. सेपरेटिंग फनेलमध्ये थर वेगळे होईनात. मीठ टाकून वाट पाहणं एवढंच हातात. या कामाचं वर्णन पेपरात एका ओळीत उरकतात.

7. क्रूडचा एनएमआर. अल्डिहाइडचा प्रोटॉन दहाच्या आसपास दिसायचा, तो गेला. जोड झाली! टीएलसीवर मात्र दोन स्पॉट, जवळजवळ चिकटलेले: नव्या कार्बनवरचा ओएच एकात एका बाजूला, दुसऱ्यात दुसऱ्या.

8:30. कॉलम उतरतोय. ज्युनियर थांबलीये. "दोन्ही वेगळे नाही करायचे?"

"कशाला? पुढच्याच पायरीला त्या कार्बनचा कीटोन होणार. मग ही बाजू आणि ती बाजू उरतेच कुठे?"

दोन्ही स्पॉटच्या टेस्ट ट्यूब एकाच आरबीत ओतून सॉल्व्हंट उडवायला रोटाला लावते. तिला सांगते, उद्या ऑक्सिडेशन तू लाव.