एकत्र बसून सोडवायचे रहस्य

मे महिन्याच्या सुट्टीत वा नाताळच्या दिवसांत घरी आप्तेष्ट जमले, की आपल्याकडे कॅरमचा बोर्ड, पत्त्यांचा जोड आणि लहानांसाठी सापशिडी बाहेर येते. या सर्व खेळांत एक गोष्ट समान आहे. कोणीतरी एक जिंकतो आणि बाकीचे हरतात. अलीकडे मात्र निराळ्या जातीचा एक खेळ काही घरांत येऊ लागला आहे. परदेशी नोकरीस असलेली मुले सुट्टीवर येताना तो बरोबर आणतात. त्यात टेबलाभोवती बसलेले सर्वजण एकाच बाजूचे असतात. समोर एक गुन्हा असतो, काही दुवे असतात आणि गुन्हेगार कोण हे सर्वांनी मिळून शोधायचे असते. जिंकलो तर सगळे जिंकतात, हरलो तर सगळे हरतात.

अशा खेळाला सहकारी रहस्यखेळ म्हणता येईल. तो कसा खेळतात, त्याची जडणघडण कशी झाली आणि एका टेबलाभोवती बसलेल्या कुटुंबाविषयी तो काय सांगून जातो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

स्पर्धेकडून सहकार्याकडे

रहस्यखेळ म्हटले, की अनेकांना 'क्लूडो' आठवतो. बर्मिंगहॅम येथील संगीतकार अँथनी प्रॅट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो तयार केला. १९४४ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४९ साली वॉडिंग्टन्स या कंपनीने खेळ बाजारात आणला. त्यात ६ संशयित, ६ शस्त्रे आणि ९ खोल्या असतात. म्हणजे एकंदर ३२४ शक्यता. प्रत्येक खेळाडूच्या हातात काही पत्ते असतात आणि ते इतरांपासून लपविणे हेच त्या खेळातील कौशल्य आहे. आपल्याला ठाऊक असलेले दुसऱ्याला कळू नये, या तत्त्वावर तो उभा आहे.

सहकारी रहस्यखेळ या तत्त्वाच्या नेमका उलट चालतो. या प्रकारातील आद्य आणि आजही आवडीने खेळला जाणारा खेळ म्हणजे 'शेरलॉक होम्स कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह'. १९८० च्या दशकाच्या आरंभी तो अमेरिकेत प्रसिद्ध झाला. जर्मनीत दरवर्षी उत्कृष्ट खेळाला 'श्पील देस यारेस', म्हणजे वर्षाचा खेळ, हा पुरस्कार दिला जातो. १९८५ साली तो या खेळास मिळाला.

या खेळात फासे नाहीत, सोंगट्या नाहीत. पेटीतून लंडन शहराचा एक नकाशा, नावे व पत्ते यांची एक सूची, त्या काळच्या धर्तीवर छापलेली वृत्तपत्रे आणि प्रकरणांच्या पुस्तिका निघतात. आपण होम्सचे साहाय्यक असतो. प्रकरणाची प्रस्तावना मोठ्याने वाचायची, मग कोणाची भेट घ्यावी हे आपसांत ठरवायचे. सूचीत त्या व्यक्तीचा पत्ता शोधला, की त्याच्या क्रमांकानुसार पुस्तिकेतील उतारा वाचायचा. एखादी भेट मोलाची माहिती देते, एखादी पूर्णपणे वाया जाते. किती भेटी घ्याव्यात याला बंधन नाही. आपले समाधान झाले, की पुस्तिकेच्या शेवटी दिलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि नंतर होम्सने तेच प्रकरण कसे सोडविले ते वाचायचे. त्याच्यापेक्षा आपण जितक्या भेटी अधिक घेतल्या, तितके प्रत्येकी ५ गुण वजा होतात.

चित्रात दडलेला गुन्हा

दुसरा एक खेळ येथे आवर्जून सांगावासा वाटतो. 'मायक्रोमॅक्रो: क्राइम सिटी' हा योहानेस झिश यांचा खेळ २०२० साली जर्मनीत निघाला आणि २०२१ साली त्याला वर नमूद केलेला पुरस्कार मिळाला. त्यात सुमारे ७५ बाय ११० सेंटिमीटरचा एकच मोठा नकाशा असतो. काळ्या रेषांनी काढलेले, माणसांनी गजबजलेले एक शहर. यातील गंमत अशी, की एकच माणूस नकाशावर अनेक ठिकाणी दिसतो. एका रस्त्यावर तो घरातून निघालेला असतो, पुढच्या वळणावर कोणी त्याचा पाठलाग करीत असतो आणि तिसऱ्या ठिकाणी तो मरून पडलेला असतो. म्हणजे काळाचा प्रवास जागेच्या प्रवासात मांडलेला आहे. भिंग हातात घेऊन माणसाचा माग मागे मागे काढत गेले, की काय घडले ते उलगडते. अशी १६ प्रकरणे त्या पेटीत आहेत. मजकूर अगदी थोडा असल्यामुळे इंग्रजी न वाचणाऱ्या आजीलाही यात बरोबरीचे स्थान मिळते. डोळे बारीक करून भाजी निवडणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्या स्त्रिया या खेळात तरुणांना सहज मागे टाकतात, असा अनुभव आहे.

'मिस्टेरियम' या तिसऱ्या खेळाविषयी पालक कधी कधी शंका विचारतात. त्यात एक खेळाडू मृताचा आत्मा होतो आणि एक शब्दही न बोलता केवळ चित्रांच्या पत्त्यांतून इतरांना खुणा देतो. मृतांना आवाहन करणे, माध्यमांकडे जाणे या गोष्टी ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाने (परिच्छेद २११६) स्पष्टपणे त्याज्य ठरविल्या आहेत. खेळात तसे काही प्रत्यक्ष घडत नाही. ते नाटकातील सोंगासारखे आहे. तरीही घरातील कोणाच्या मनाला ते रुचत नसेल, तर दुसरा खेळ निवडावा. सर्वांनी आनंदाने बसावे हाच तर हेतू आहे.

दुवा सर्वांसमोर असला पाहिजे

रहस्यकथा आणि रहस्यखेळ यांना जोडणारा एक धागा आपल्या ओळखीचा आहे. रोनाल्ड नॉक्स हे इंग्लंडमधील कॅथलिक धर्मगुरू स्वतः रहस्यकथा लिहीत असत. १९२९ साली त्यांनी रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांचे सार असे, की लेखकाने वाचकाशी प्रामाणिक असावे. जो दुवा गुप्तहेराला सापडतो तो वाचकालाही दिसला पाहिजे. योगायोगाने किंवा गूढ अंतःस्फूर्तीने रहस्य सुटता कामा नये.

चांगला रहस्यखेळही याच नियमाने चालतो. उत्तर टेबलावरच असते. ते कोणीतरी पाहिलेलेही असते. तरी आपण हरतो. असे का व्हावे?

सर्वांना ठाऊक आणि एकालाच ठाऊक

याचे उत्तर मानसशास्त्रात मिळते. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या अमेरिकी संशोधकांनी १९८५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांचे गट करून त्यांना तीन काल्पनिक उमेदवारांतून एकाची निवड करण्यास सांगितले. सर्वांत योग्य उमेदवाराचे गुण गटातील सदस्यांत विखरून दिले होते. कोणा एकाला ते सर्व ठाऊक नव्हते. सर्वांनी आपापली माहिती मांडली असती, तर योग्य निवड सहज झाली असती. प्रत्यक्षात बहुतेक गट चुकले. जी माहिती सर्वांजवळ होती तिचीच चर्चा पुन्हा पुन्हा झाली. जी एकाजवळच होती ती बहुतांशी मागे राहिली.

यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. जे सर्वांना ठाऊक असते ते बोलणे सोपे असते, कारण लगेच चार माना डोलतात. जे आपल्यालाच दिसले ते बोलायला धीर लागतो. त्यातून टेबलाशी कोणी अधिकाराने बोलणारा बसलेला असेल, तर तो धीर आणखी खचतो.

अशी व्यक्ती सहकारी खेळातील नेहमीची अडचण आहे. ती हुशार असते, तिला नियम पाठ असतात, तिचे म्हणणे पुष्कळदा बरोबरही असते. हळूहळू तीच ठरवू लागते आणि इतर केवळ पुस्तिकेची पाने उलटतात. खेळ सर्वांचा राहतो, पण विचार एकाचा होतो.

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. एका नाताळच्या सुट्टीत मी माझ्या भावाच्या घरी होतो. होम्सचा खेळ काढला आणि आम्ही पाचजण बसलो: भाऊ, वहिनी, पुतण्या, बारा वर्षांची पुतणी आणि मी. होम्सच्या कथा मी सेमिनरीत असल्यापासून वाचत आलो आहे. त्यामुळे सूत्रे आपोआप माझ्या हाती आली. तासाभरात पुतणीने वृत्तपत्राच्या कोपऱ्यातील एका लहान जाहिरातीवर बोट ठेवले. "फादरकाका, हे बघा ना," ती म्हणाली. मी पाहिले आणि ते जागा भरण्यासाठी असते असे तिला सांगितले. ती गप्प बसली. पुढे आम्ही पुष्कळ हिंडलो. प्रकरणाचे नाव येथे देत नाही, कारण ज्यांना ते खेळायचे आहे त्यांचा रसभंग होईल. पण किल्ली त्या जाहिरातीतच होती. होम्सपेक्षा आमच्या ११ भेटी अधिक झाल्या होत्या. म्हणजे ५५ गुण वजा.

मी पुतणीची क्षमा मागितली. ती हसली आणि म्हणाली, "मी दोनदा सांगितलं होतं." दुसऱ्यांदा तिने सांगितल्याचे मला आठवतही नव्हते. मग वहिनी हळूच म्हणाल्या, "मलाही ती जाहिरात खटकली होती. पण तुम्ही नाही म्हणालात, मग मी कशाला बोलू?" गुण गेल्याचे मला काही वाटले नाही. वहिनींचे ते वाक्य मात्र पुष्कळ दिवस मनात राहिले.

घरातील प्रश्नही याहून निराळे नसतात. म्हाताऱ्या आईची प्रकृती का ढासळली आहे, मुलगा अलीकडे उशिरा का येतो, वाडी विकावी की ठेवावी, यावर पुरुषमंडळी ओटीवर बसून बोलतात. आईला न्हाऊ घालणाऱ्या सुनेला काहीतरी दिसलेले असते. धाकट्या बहिणीला भावाचे काहीतरी ठाऊक असते. त्यांना कोणी गप्प बसविलेले नसते. त्यांना विचारलेले नसते, इतकेच. खेळात याची किंमत ५५ गुण असते. घरात ती कोण मोजणार?

खेळताना पाळावयाच्या काही गोष्टी

आमच्या घरी त्यानंतर काही साधे नियम ठरले. ते इतरांनाही उपयोगी पडावेत.

पहिला नियम, पुस्तिका वाचणारा दर वेळी बदलावा. वाचणाऱ्याला आपोआप महत्त्व येते. ते फिरते राहिले पाहिजे.

दुसरा, पुढची भेट ठरविण्यापूर्वी प्रत्येकाने एक वाक्य बोलावे. आरंभ सर्वांत लहानाने करावा आणि शेवट सर्वांत मोठ्याने. यात नवे काही नाही. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठासाठी जी नियमावली लिहिली, तिच्या तिसऱ्या प्रकरणात महत्त्वाच्या प्रसंगी सर्व बंधूंना सल्ल्यासाठी बोलवावे असे सांगितले आहे. त्याचे कारणही त्यांनी दिले आहे: पुष्कळदा प्रभू धाकट्यालाच अधिक चांगले सुचवितो.

तिसरा, एकाने वहीत टिपणे घ्यावीत आणि कोणी काय पाहिले ते नावासह लिहावे. लिहिलेली गोष्ट सहज डावलता येत नाही.

चौथा नियम भाषेचा. हे खेळ आपल्याकडे बहुधा इंग्रजीत येतात. वाचणाऱ्याने प्रत्येक उतारा मराठीत किंवा आपल्या घरच्या बोलीत सांगावा. वेळ थोडा अधिक लागतो, पण आजीआजोबा बाहेर राहत नाहीत. सांगताना वाचणाऱ्यालाही तो उतारा अधिक नीट समजतो.

पाचवा, मोबाइल दूर ठेवावेत आणि उत्तर आधी पाहू नये. प्रकरण एकदा सुटले, की ते पुन्हा खेळता येत नाही. मात्र होम्स आणि मायक्रोमॅक्रो या खेळांत काही फाडावे वा कापावे लागत नाही. म्हणून खेळून झाल्यावर पेटी शेजाऱ्यांना किंवा धर्मग्रामातील युवकांना द्यावी. चार घरांनी मिळून एक पेटी घेतली तरी चालते.

एक सूचना पालकांसाठी. या खेळांत खून, चोरी, फसवणूक यांच्या कथा असतात. सर्वच प्रकरणे मुलांसाठी योग्य नसतात. मोठ्यांपैकी एकाने प्रकरणाची प्रस्तावना आधी वाचून ठेवावी, म्हणजे निवड करणे सोपे जाते.

गेल्या सुट्टीत आम्ही पुन्हा बसलो. पहिले वाक्य पुतणीचे होते, शेवटचे माझे. माझी पाळी येईपर्यंत माझ्या मनातील बहुतेक सर्व कोणीतरी बोलून गेले होते आणि माझ्या मनात नसलेले बरेच काही बोलले गेले होते. वहिनींनी त्या दिवशी दोन दुवे शोधले. होम्सपेक्षा आमच्या तीनच भेटी अधिक झाल्या. आम्ही हरलोच, पण या वेळी पाचहीजण मिळून हरलो.

येत्या सुट्टीत आपल्या घरी असा एखादा खेळ निघाला, तर वडीलधाऱ्यांनी शेवटी बोलून पाहावे, एवढीच विनंती.